गिटारचा ब्रिज उचलतो म्हणजे नेमकं काय होतं?

चवथीची गडबड ओसरली की फोंड्याला आमच्या घरी गिटारी यायला लागतात. घुमटाचं चामडं पावसात सैल पडतं, आरतीआधी त्याला ऊब द्यावी लागते, हे गोव्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. गिटारचं पावसाळी दुखणं मात्र असं लगेच कळत नाही. यंदा भाची आली ती तक्रार घेऊनच. "मामा, तारा खूप वर गेल्यात. बारच्या कॉर्डला बोट दाबतच नाही." (बार म्हणजे एकच बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबणं.) मी गिटार मांडीवर आडवी घेतली, वहीचं एक पान फाडलं आणि त्याची कड ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीच्या, मागून खाली सरकवली. पान अडायला हवं होतं. ते बोटाच्या पेरभर आत गेलं.

यालाच ब्रिज उचलणं म्हणतात. दरवर्षी पाचसहा जण मला तेच चार प्रश्न विचारतात, आणि त्यातले दोघेतिघे त्याआधीच फटीत काहीतरी ओतून आलेले असतात. त्यांच्यासाठी आणि अजून काही ओतलेलं नाही त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो.

गिटार आणि तंबोरा यांतला फरक

गिटारच्या पोटावरचा पातळ तक्ता, ज्याला गोल भोक असतं, तो खरा वाजतो. सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांकडे त्याला तबली म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो. चांगल्या गिटारची तबली स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची आणि जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर चिकटवलेली गडद लाकडाची आडवी पट्टी म्हणजे ब्रिज. त्याच्या खाचेत हाडाची किंवा प्लास्टिकची पांढरी चीप बसते, ती सॅडल. तारांची टोकं ब्रिजमधल्या भोकांतून आत जातात आणि पिनांनी अडवलेली असतात.

तंबोऱ्याची घोडी आठवा. तिथे तारा घोडीवरून पुढे जाऊन भोपळ्याच्या टोकाशी बांधलेल्या असतात. ओढ सगळी त्या टोकावर, घोडीवर फक्त खाली दाब. व्हायोलिनचंही तसंच; त्याचा ब्रिज चिकटवलेलाच नसतो, तारांच्या दाबाने उभा राहतो. गिटारमध्ये तारा ब्रिजपाशीच संपतात. म्हणजे सगळ्या तारांची सगळी ओढ त्या पट्टीवर, आणि पट्टी तबलीला धरून आहे ती गोंदाच्या एका पातळ थरावर.

७५ किलोची ओढ आणि टिकली

पोलादी तारांचा नेहमीचा हलका संच पूर्ण सुरात लावला की सहा तारांची मिळून ओढ ७३ ते ७५ किलोच्या आसपास जाते. सिमेंटची दीड गोणी, चोवीस तास, वर्षानुवर्षं. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर ही ओढ जवळपास निम्मी असते.

आता गंमत बघा. ब्रिजचा तळ साधारण १५० मिलिमीटर लांब आणि ३८ रुंद धरला तर तो ५७ चौरस सेंटिमीटर भरतो. ७५ किलो त्यावर वाटले तर एका चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला दीड किलोही येत नाही. चांगला सुतारी गोंद तेवढ्याच जागेवर २०० किलोच्या वर ताण सोसतो. हिशेबाने ब्रिज सात जन्म उचलू नये. मग उचलतो का?

कारण ओढ सपाट लागत नाही. तारा सॅडलवरून जातात, आणि सॅडलचा माथा तबलीपासून साधारण १२ मिलिमीटर उंच असतो. कपाटाच्या माथ्याला दोर बांधून ओढलं तर कपाट सरकत नाही, त्याचे मागचे पाय उचलतात. ब्रिजचंही तेच. पुढची कड तबलीत दबते आणि मागची वर यायला बघते. आणि गोंदाचा स्वभाव टिकलीसारखा आहे. कपाळावरची टिकली बोटाने बाजूला सरकवायला गेलात तर हटत नाही. कडेखाली नख घातलं की अलगद निघते. घासत सरकवणाऱ्या जोराला गोंद भक्कम, सोलणाऱ्या जोराला दुबळा. तारा ब्रिजच्या मागच्या कडेखाली रात्रंदिवस नख घालत असतात.

त्यात भर उष्णतेची. बहुतेक गोंद ६० ते ६५ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतात. मे महिन्यात मिरामारला गाडी उन्हात उभी केली आणि गिटार डिकीत राहिली, तर आत तेवढी उष्णता सहज होते. वाळत घालायची नायलॉनची दोरी तुटत नाही, पण ओझ्याने दिवसेंदिवस खाली येते. मऊ पडलेला गोंद तसाच ताणाखाली हळूहळू सरकतो.

पावसाळ्यात दार फुगतं, तेच इथे

गोव्यातल्या प्रत्येक घरात एखादं दार जूनमध्ये अडकायला लागतं. ते रुंदीला फुगतं, उंचीला नाही. लाकूड ओलावा पिऊन रेषांच्या आडव्या दिशेने पसरतं. रेषांच्या लांबीत फरक जवळजवळ शून्य.

गिटारच्या तबलीच्या रेषा मानेच्या दिशेने उभ्या जातात, म्हणजे तबली रुंदीला फुगते. ४० सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची फळी मोकळी ठेवली तर कोरड्या हवेतून जुलैच्या हवेत आल्यावर ती चारपाच मिलिमीटर तरी रुंद होईल. पण गिटारवर तिच्या कडा बाजूंना चिकटवलेल्या असतात. बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती वर उठते. पोट येतं.

ब्रिजच्या रेषा मात्र आडव्या, त्याच्या लांबीच्या दिशेने. तबली त्याच दिशेला पसरू पाहते आणि ब्रिज जागचा हलत नाही. एकाच गोंदाने धरलेली दोन लाकडं, एक फुगणारं आणि एक न फुगणारं. वर तबलीला कमान आली की सपाट ब्रिजची टोकं हवेत राहायला लागतात. म्हणून मागची कड उचललेली दिसली तर मी आधी तारांच्या ओढीचा संशय घेतो, आणि ब्रिजचे दोन्ही पंख सुटलेले दिसले तर ओलाव्याचा. आपल्याकडे दोन्ही एकत्रच सापडतात.

एक गोष्ट सांगायला मला नेहमी आवडते. जगभरच्या कितीतरी गिटारांचे ब्रिज भारतीय रोजवूडचे असतात, म्हणजे पश्चिम घाटात वाढणाऱ्या आपल्या शिसवीचे. आजीच्या पलंगाचं आणि देवघराचं तेच लाकूड.

खरंच उचललाय का, हे कसं ओळखायचं

साधं वहीचं पान घ्या आणि ब्रिजच्या चारही बाजूंनी फिरवा. सगळीकडे सारखं मिलिमीटरभर आत जात असेल आणि पुढे घट्ट अडत असेल तर घाबरू नका. कारखान्यात ब्रिजच्या कडेखाली पॉलिश राहिलेलं असतं, त्याची ती बारीक फट असू शकते. पान अडलं तिथे पानावरच पेन्सिलने खूण करा, तारीख घाला आणि महिन्याने पुन्हा बघा. खूण पुढे सरकली तर ब्रिज सुटतोय.

तबलीला थोडी कमान असणं दोष नाही, बहुतेक गिटारी तशाच बनवतात. पण भोकातून छोटा आरसा आणि मोबाइलची बॅटरी घालून आत नक्की बघा. ब्रिजच्या बरोबर खाली आतून एक कठीण लाकडाची पट्टी असते आणि आजूबाजूला आधाराच्या काठ्या असतात. एखादी काठी सुटलेली असेल तर ब्रिज कितीही वेळा चिकटवा, तो पुन्हा उचलणार. तबलीवर बोटाच्या पेराने टकटक करत गेलात तर सुटलेल्या काठीपाशी भसाडा, फडफडता आवाज येतो.

फट वाढतेय असं दिसलं की तारा त्याच दिवशी सैल करा. "अजून वाजतेय ना" म्हणून पुढे ढकलू नका. ब्रिज आपण होऊन उडाला तर तो एकटा जात नाही, तबलीच्या लाकडाचा पापुद्रा सोलून घेऊन जातो. मग काम तिप्पट होतं.

"फटीत गोंद घालून दाबून ठेवलं तर?"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि उत्तर नाही असंच आहे. गोंद लाकडात शिरतो म्हणून धरतो. फटीच्या आत लाकूड उघडं नसतंच. तिथे जुना वाळलेला गोंद असतो, पावसाळाभर साचलेली धूळ असते, कडेला पॉलिश असतं. सुतारी गोंद आपल्याच वाळलेल्या थराला नीट धरत नाही. वरून चकचकीत बसल्यासारखं दिसतं आणि दिवाळीपर्यंत पुन्हा उघडतं. झटपट चिकटणारा पातळ गोंद तर त्याहून वाईट. तो फटीतून धावतो, पॉलिशवर पांढरे डाग पाडतो, आणि पुढच्या माणसाला ब्रिज काढताना तबलीसकट खरवडावं लागतं. माझ्या पहिल्या गिटारवर एका दुकानात तोच ओतला होता. तिच्या तबलीवरचा करंजीएवढा खड्डा मी आजही भरलेला ठेवून वापरतो.

इथे दोन लाकडं एकमेकांना भिडण्याला महत्त्व आहे, गोंद नंतर येतो. त्यासाठी ब्रिज पूर्ण काढावा लागतो.

काढताना

भाचीच्या गिटारचे तारा, पिना, सॅडल काढले. सॅडल प्लास्टिकचा असेल तर उष्णतेने वितळतो, म्हणून तो आधीच काढायचा. ब्रिजभोवती कागदी चिकटपट्टी लावून त्याची जागा पक्की केली. मग कडेभोवती धारदार ब्लेडने पॉलिशवर हलकी रेघ मारली, नाहीतर ब्रिज निघताना पॉलिशच्या खपल्या निघतात.

ऊब देण्यासाठी बाजारात ब्रिजच्या आकाराच्या गरम होणाऱ्या रबरी पट्ट्या मिळतात. माझ्याकडे लोखंडाची एक जाड पट्टी आणि घरची जुनी इस्त्री आहे. पुठ्ठ्याला ब्रिजच्या आकाराचं भोक पाडायचं, पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातला चकाकता ॲल्युमिनियमचा कागद चढवायचा आणि तबली झाकायची. ऊब फक्त ब्रिजला मिळाली पाहिजे. दोन मिनिटं तापवायचं, पातळ बोथट पाती मागच्या कडेखाली घालून बघायची, नाही सरकली तर पुन्हा तापवायचं. गोंद मऊ झाला की पाती लोण्यात शिरल्यासारखी जाते आणि हलका चर्रर्र असा आवाज येतो. तो येईपर्यंत जोर लावायचा नाही. जास्त वेळ तापवलं तर आतल्या पट्टीचा आणि काठ्यांचा गोंदही सुटतो.

इथे एक बारकी गोष्ट आहे, ती मी फार उशिरा शिकलो. तबली एकाच फळीची दोन पानं पुस्तकासारखी उघडून मधोमध जोडलेली असते. लाकडाचे तंतू थोडे तिरके असतील तर एका अर्ध्यात ते पुढून मागे वर येतात आणि दुसऱ्या अर्ध्यात मागून पुढे. म्हणजे एका बाजूला पाती मागून घातली तर सरळ जाते, आणि दुसऱ्या बाजूला तीच पाती तंतूंखाली घुसून पापुद्रा उचलते. असा अडथळा जाणवला की तिथे दिशा बदलायची, समोरून यायचं.

चाळीसेक मिनिटांनी ब्रिज हातात आला. खाली काय होतं? सगळ्या कडेने पाच मिलिमीटर रुंदीचा पॉलिशचा चकचकीत पट्टा, आणि गोंद फक्त मधल्या भागात. आधीचाच हिशेब इथे लावा: पाच मिलिमीटरचा पट्टा चारही बाजूंनी वजा केला तर चिकटायची जागा जवळजवळ एक तृतीयांश कमी होते. आणि कमी होते ती नेमकी कडेला, जिथून टिकली सुटते. कारखान्यात घाई असते, पॉलिश आधी आणि ब्रिज नंतर. त्यामुळे असं बऱ्याच स्वस्त गिटारींत सापडतं. पोरीची यात काही चूक नव्हती, आणि पावसाचीही अर्धीच.

बसवताना

जुना गोंद ओल्या फडक्याने मऊ करून पात्याने खरवडायचा. पॉलिश आतून काढत न्यायचं, ते ब्रिजच्या बाह्यरेषेच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबेपर्यंत. उपटलेले तंतू त्यांच्या जागी बसवून चिकटवायचे, फेकायचे नाहीत.

नंतर ब्रिजचा तळ तबलीच्या कमानीशी जुळवायचा. यासाठी पॉलिशपेपर तबलीवरच, खरखरीत बाजू वर करून पट्टीने चिकटवायचा आणि ब्रिज त्यावर मागेपुढे घासायचा. तबली आपला आकार स्वतःच ब्रिजला देते. मग कोरडाच ठेवून पलीकडून बॅटरी मारायची. कुठूनही उजेड दिसता कामा नये. या एका तपासणीसाठी मी तासभर घालवतो, कारण पुढचं सगळं यावर टिकतं.

जागा चुकवायची नाही. ब्रिज एकदोन मिलिमीटर सरकला तर वरच्या पडद्यांवर सूर बिघडतो आणि मग कितीही कान पिळलेत तरी लागत नाही. बाहेरच्या दोन पिनांच्या भोकांत मेण लावलेल्या लाकडी काड्या घातल्या की तो सरकत नाही.

गोंद लावायच्या आधी सगळे शिकंजे एकदा कोरडे लावून बघायचे. लांब गळ्याचे तीन शिकंजे भोकातून आत जातात, आतून काठ्यांना चुकवणारा लाकडी ठोकळा, मध्ये मेणकागद. पिवळ्या गोंदाने पाचएक मिनिटंच मिळतात. त्या वेळी शिकंजा शोधत बसलात तर खेळ संपला. कडेने बारीक मणी येतील एवढाच गोंद बाहेर यावा. कोपऱ्यात साचलेला गोंद टिपायला शहाळ्याची प्लास्टिकची नळी तिरपी कापून घ्या. ती कोपऱ्यातून फिरवली की गोंद आत ओढला जातो. बाकी ओल्या फडक्याने.

पावसाळी हवेत हा गोंद सावकाश वाळतो. मी दोन दिवस तारांना हात लावत नाही.

मग गोंद कोणता?

पोलादी तारांसाठी मी पिवळा सुतारी गोंद वापरतो, जो वाळल्यावर कडक होतो. घरातला पांढरा गोंद लाकूड धरतो चांगलं, पण वाळल्यावरही थोडा लवचिक राहतो आणि सततच्या ओझ्याखाली सरकतो. खुर्चीला चालेल, इथे नको.

जुन्या सुतारांचा सरस ठाऊक असेल. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, भिजवून ६० अंशांच्या आसपास ऊन करून लावायचा. व्हायोलिन घडवणारे आजही तोच वापरतात, कारण तो ताणाखाली सरकत नाही आणि उद्या ऊब व ओलावा देऊन जोड पुन्हा सोडवता येतो. मला तो मनापासून आवडतो. पण तो मिनिटभरात थिजतो, हात फार चपळ लागतात, आणि आपल्या दमट हवेत निष्काळजीपणे ठेवलेल्या गिटारवर त्याची परीक्षा होते. शिकणाऱ्याने पिवळ्यापासून सुरुवात करावी.

दोन भागांचा इपॉक्सी फटी भरतो म्हणून लोकांना मोह होतो. फट भरायची वेळ आली याचा अर्थ ब्रिज नीट घासलेला नाही.

"बोल्ट मारून टाका ना!"

काही कारखाने स्वतःच ब्रिजमध्ये दोन बोल्ट घालतात आणि वर मोत्याचे ठिपके लावून झाकतात. त्यामुळे ब्रिज उडत नाही, हे खरं. पण सोलणं कडेपासून सुरू होतं आणि बोल्ट असतात मध्ये. कड उचललेलीच राहते, तारा उंचच राहतात, वर नाजूक तबलीवर वजन वाढतं. गोंदाचा जोड धड असेल तर बोल्टची गरज नाही, आणि धड नसेल तर बोल्टने तो धड होत नाही.

एवढा खटाटोप स्वस्त गिटारसाठी?

प्लायवूडच्या तबलीची अगदी स्वस्त गिटार असेल तर दुरुस्तीची मजुरी तिच्या किमतीपर्यंत जाऊ शकते, आणि उष्णतेने प्लायचे थर सुटायचाही धोका असतो. तिथे मी खरं ते सांगतो. पण हात बसवायला तशीच गिटार चांगली. पहिला ब्रिज वडिलांच्या जुन्या गिटारवर काढू नका. आपल्या ओळखीच्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, नेली तर? लाकूड त्याला आपल्याहून चांगलं कळतं. फक्त खिळा आणि स्क्रू वापरायचा नाही एवढं कबूल करून घ्या, आणि ऊब देताना शेजारी उभे राहा.

गोव्यात गिटार ठेवायची कुठे

गिटारला हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के मानवतो. आपल्याकडे जुलैत तो दिवसेंदिवस ८५च्या खाली येत नाही. तो मोजणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. ते पेटीत ठेवा आणि मग ठरवा. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात लवकर भरतात, दर काही दिवसांनी तापवून कोरड्या कराव्या लागतात. बुरशीसाठी कपाटात बारका बल्ब लावायची आपली जुनी पद्धत आहे, तीही चालते, पण गिटार बल्बपासून हातभर दूर हवी आणि यंत्र आत हवं. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ती भिंत पावसाळाभर ओली असते. सुट्टीला बाहेरगावी जाताना तारा एकदोन सूर उतरवा. पूर्ण सैल करू नका, कारण मानेच्या आतली लोखंडी सळई तारांच्या ओढीविरुद्ध ताणलेली असते आणि ती मानेला उलटं वाकवते.

एक गोष्ट बहुतेक सांगितली जात नाही. भर पावसात, फुगलेल्या तबलीवर ब्रिज चिकटवू नका. जानेवारीत हवा कोरडी झाली की तबली आकसते आणि नव्या जोडावर उलटा ताण येतो. भाचीची गिटार मी आधी आठ दिवस एसीच्या खोलीत, यंत्र ५० दाखवेपर्यंत ठेवली. ती रोज फोन करून विचारायची, "मामा, झाली?" नवव्या दिवशी गोंद लावला. अकराव्या दिवशी तारा चढवल्या, आधी दोन सूर खाली, दुसऱ्या दिवशी पूर्ण. मग वहीचं तेच पान काढलं, ज्यावर पेन्सिलची खूण होती. चारही कडांना फिरवलं. कुठेच आत गेलं नाही. पानावर दुसरी तारीख घालून ते तिच्या गिटारच्या पेटीत ठेवलं आहे. नाताळात पुन्हा बघायचं ठरलंय.